शेपटीचा हार

कॅप्टन, परवा तुमच्या दहाव्याला घणसोलीच्या खाडीवर पिंड ठेवला आणि पाच मिनिटांत कावळा शिवला. भटजींना पुढे आणखी एक ठिकाण होतं, त्यांना बरं वाटलं. मी मात्र चाटच पडलो. मला वाटलं होतं, दुपार होईल, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागेल. तुमची एक गोष्ट मागे राहिलीय हे मला पक्कं ठाऊक होतं. कावळ्याला ते कुणी सांगितलं नसावं.

परत फिरताना वहिनी बांधावर थांबल्या. बाकीचे पुढे गेल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, तुमी त्या इमानाचे डाक्टर. पाच वर्सं झाली, मी यांना कदी इचारलं नाय. त्या दिशी यांचा हात चुकला व्हता का, तेवढं मना खरं सांगा. मंग मी परत इचारनार नाय."

मी काय म्हणालो माहितेय? म्हणालो, "तेराव्याला सांगतो." सरकारी कचेरीतला कारकून पुढची तारीख देतो तसं. त्या बिचाऱ्या मान हलवून पुढे गेल्या. तेरावं उद्या आहे. म्हणून आज सकाळपासून ऐरोलीच्या घरात टेबलाशी बसलोय. तुमच्याशी बोलल्याशिवाय वहिनींशी बोलता येणार नाही. आणि तुमच्याशी बोलायचं ते मी तीन वर्षं टाळत आलोय.

खूप थकलोय, कॅप्टन. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येत नाही. नुसता शीण आलाय.

आपली जोडी तशी विजोडच. तुम्ही विमान चालवायचात, मी ते दुरुस्त करायचो. विमान आपल्या शेठचं, आठ खुर्च्यांचं छोटं जेट. शेठचे कारखाने रबाळ्याला आणि पावण्याला, विमान मुंबईच्या हँगरमध्ये, आणि आपण दोघं खाडीच्या या बाजूला. कंपनीची जीप आधी मला ऐरोलीला घ्यायची, मग तुम्हाला घणसोलीच्या नाक्यावर. तुम्ही पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून, हातात सुक्या बोंबलांची पुडी घेऊन उभे. ती पुडी हँगरच्या वॉचमनसाठी. मी नाकाला रुमाल लावायचो. तुम्ही म्हणायचात, "शिर्के, तुम्ही घाटावरची माणसं. खाऱ्या वाऱ्याची तुम्हाला किंमत नाही." मी म्हणायचो, "आहे की. याच वाऱ्याने माझे निम्मे जोड गंजतात." वाशीचा पूल येईपर्यंत हे चालायचं. तुमच्या वडिलांची भातखाचरं आणि मिठागर नव्या शहरात गेलं, त्या पैशातून तुम्ही शिकलात, हवाई दलात गेलात, म्हात्र्यांच्या आळीत पहिले वैमानिक झालात. तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. जीपचा ड्रायव्हर सांगायचा, रोज, तुमच्या देखत, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघायचात.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. पान्यापासून क्रेनपर्यंत सगळं धुऊन पुसून झेंडूचा हार घालायचा, हा कारखान्यांचा रिवाज. शेठचा विमानालाही तोच नियम. मी आदल्या दिवशी होजपाइपने विमान धुवायचो, दुसऱ्या दिवशी भटजी यायचे, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, नाकाला हार, चाकाशी नारळ. हे सगळेच करतात. शेपटीला हार घालणारे मात्र तुम्ही एकटे. वहिनी पहाटे उठून अंगणातल्या झेंडूचा हार ओवायच्या, तो ओल्या फडक्यात गुंडाळून तुम्ही आणायचात. मग शिडी लावून, युनिफॉर्मची घडी सांभाळत, स्वतः चढायचात. मी खालून शिडी धरायचो आणि कुरकुरायचो. तुम्ही वरून सांगायचात, "नाकाचं कौतुक सगळं जग करतं. दिशा धरून ठेवते ती शेपटी. तिला कोण विचारतं?"

त्या वर्षी तो हार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होता. पूजेनंतर विमान हँगरबाहेरच होतं, आणि रात्रीत पावसाची एक सर हारावरून, शेपटीच्या फटींतून ओघळून गेली होती. दसऱ्याला मला घरी जायची घाई होती. धुतल्यानंतर शेपटीच्या पोटाखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची असतात. पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं. ते काम माझं. मी म्हटलं, उद्या करू. उद्या झालं, परवा झालं, मग विसरलो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आठवड्यात तुमची पहिली तक्रार आली. ती स्नॅगची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. डाव्या रकान्यात वैमानिकाने लिहायचं काय बिघडलं, उजव्या रकान्यात मी लिहायचं काय केलं. तुम्ही लिहिलंत: फार उंचीवर गेल्यावर ऑटोपायलट नाक स्थिर धरत नाही, खाली डुलकी घेतो. ऑटोपायलट म्हणजे उंची धरून ठेवणारा यांत्रिक हात. मी जमिनीवर तो हात चार तास तपासला. लोण्यासारखा चालत होता. उजव्या रकान्यात लिहिलं: तपासणी केली, दोष आढळला नाही. दुसऱ्या आठवड्यात तीच तक्रार, तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी जीपमध्ये आपलं चांगलंच वाजलं.

"आढळला नाही म्हणजे नव्हता असं नाही, शिर्के," तुम्ही म्हणालात.

"मग कुठे आहे ते दाखवा. मी हात घालतो."

"वर चला माझ्याबरोबर. तिथे दाखवतो."

"माझी शिडी तेवढी उंच नाही, कॅप्टन."

ड्रायव्हर हसला. तुम्हीही हसलात, पण उशिरा. मी वर आलो नाही. त्या आठवड्यात मुलीचा बघण्याचा कार्यक्रम होता. खरं तर मला वाटत होतं की तुमचं वय झालंय, उंचीवर तुम्ही उगाच बावरताय. मी हे कुणापाशी बोललो नाही, पण वाटत होतं खरं.

चौथ्या वेळचं मी तुमच्याच तोंडून ऐकलं. बंगलोरहून परतत होतात. मागे शेठ आणि त्यांच्या सूनबाई जेवत होत्या. विमानाने पहिली डुलकी घेतली तेव्हा तुम्ही कंट्रोलवर हात नुसता टेकवून ठेवलात. तीनदा तक्रार करून उपाय झाला नव्हता, तर दुसरं काय करणार? मग डुलकी वाढली. नाकाचा तोल सावरणारं ट्रिमचं चाक आपोआप गरागरा फिरायला लागलं. तुम्ही बटण दाबून ऑटोपायलट तोडलात, तोच इतका वेळ कोंडलेला सगळा जोर एकदम सुटला आणि नाकाने वर उसळी घेतली. शेठ छताला आपटून खाली पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं. सूनबाईंच्या हाताला सहा टाके पडले. तुम्ही पुढचा पाऊण तास विमान हाताने आणलंत आणि असं उतरवलंत की मागच्या पेल्यातलं पाणी हललं नाही, असं सहवैमानिकच म्हणाला. मी हँगरच्या दारात होतो. शेठना गाडीत घातल्यावर तुम्ही शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून गुडघ्यावर वही ठेवून चौथी तक्रार लिहिलीत. शर्ट पाठीला चिकटला होता. वही माझ्या हातात देऊन एवढंच म्हणालात, "आता तरी बघा."

मी पाहिलं. काही सापडलं नाही.

चौकशीला तीन माणसं बसली. सहवैमानिक खरं तेच बोलला: "मी नकाशा बघत होतो. साहेबांचा हात कंट्रोलवर होता." विमानाच्या पुस्तकात लिहिलेलंच आहे की ऑटोपायलट चालू असताना वैमानिकाने कंट्रोल ओढून धरला तर यंत्र उलटा जोर लावत राहतं आणि सोडल्यावर उसळी बसते. मग मला बोलावलं. "अपघाताआधी तीनदा तपासलंत?" "तीनदा." "दोष सापडला?" "नाही." "नक्की?" "नक्की." मी एकही शब्द खोटा बोललो नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं आपण म्हणतो, तेव्हा त्या फाशीचा दोर कोण वळतं हे कुणी विचारत नाही. माझ्या तीन सह्यांचा तो दोर होता.

तुम्हाला काढलं नाही, शेठ जुन्या माणसाला काढत नसत. रबाळ्याच्या कारखान्यात वाहतूक खात्यावर पाठवलं. दिघ्याहून आणि पावण्याहून कामगार आणणाऱ्या बसगाड्यांच्या पाळ्या लावायच्या. लोक कुजबुजले, म्हात्रे साहेबांचा हात कापायला लागला म्हणे. तुमच्या आळीतही ते पोचलं. ज्यांनी तुमची मिरवणूक काढली होती तेच नाक्यावर तुमच्याशी हवापाण्याचं बोलू लागले. दुसरे वैमानिक तेच विमान चालवत राहिले आणि नाकाने पुन्हा एकदाही डुलकी घेतली नाही. त्यामुळे तर बोलायलाच नको.

तरी तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं नाहीत. सोडलं असतंत तर मला सोपं गेलं असतं. मी महिन्यातून एकदा रबाळ्याला चक्कर मारायचो, तुम्ही कँटीनचा चहा मागवायचात. "बसचं बरं असतं, शिर्के, झोप आली तर ड्रायव्हरलाच येते." मग कप खाली ठेवताना हमखास तो प्रश्न. "तुमचं स्वतःचं मत काय? कमिटीचं नाही. तुमचं." आणि मी म्हणायचो, जमिनीवर काही सापडलं नाही. तुम्ही मान हलवायचात. तुम्हाला नोकरी परत नको होती. माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

ते वाक्य मला दोन वर्षांनी सापडलं, कॅप्टन.

विमान मोठ्या तपासणीला घेतलं होतं. शेपटीचं तळाचं पत्र्याचं झाकण दोन वर्षांत पहिल्यांदा निघालं. मी दिवा लावून पडल्या पडल्या आत डोकं घातलं. आतल्या भिंतीवर एक रेघ होती. माठात पाणी साठून राहिलं की पडते तशी, पांढरी, सरळ. वीतभर उंचीपर्यंत कधीतरी पाणी साचलेलं होतं. आणि ऑटोपायलटची तार ज्या कप्पीवरून जाते ती कप्पी त्या रेघेच्या खाली होती. सगळं एका क्षणात उलगडलं. वर गेलं की त्या पाण्याचा बर्फ, बर्फात तार आवळली जाते, यंत्र जोर लावतं, आणखी जोर लावतं. खाली उतरलं की बर्फाचं पाणी. मी तपासायला येईपर्यंत सगळं सुरळीत. पुढे हिवाळ्यात ते पाणी आपोआप सुकून गेलं, आणि त्या प्रकारानंतर आम्ही विमान होजपाइपने न धुता नुसतं फडक्याने पुसत होतो. तुम्ही म्हणत होतात ते अक्षरशः खरं होतं. दोष वरच होता.

मग मी पाणी जायची भोकं पाहिली. दोन्ही बुजलेली. तारेने उकरलं तर ग्रीसमध्ये मळलेला एक गोळा निघाला, काळपट. बोटांनी फोडला. आत झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि वीतभर पांढरा दोरा.

नंतरच्या दसऱ्याला शेपटीला कुणी हार घातला नव्हता, कारण तुम्ही नव्हतात.

तो गोळा मी फोटोच्या रिळाच्या रिकाम्या डबीत घातला. मनात म्हटलं, आता सरळ रबाळ्याला जायचं, कॅप्टनच्या टेबलावर डबी ठेवायची, मग दोघांनी मिळून शेठकडे जायचं. जीप नव्हती, रिक्षा केली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. तुम्हाला निर्दोष सोडवायला मी निघालो होतो.

तुम्ही ऑफिसात नव्हतात. मागच्या आवारात होतात. खंडेनवमी दोन दिवसांवर होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. बसगाड्या धुऊन ओळीने उभ्या होत्या. तुम्ही बाह्या सरसावून उभे, पायाशी फुलांची टोपली, आणि ड्रायव्हरांना सांगत होतात, "मागे पण बांधा रे. पुढच्याला सगळेच बांधतात." मला पाहून हसलात. "या शिर्के. यंदा तुमच्या वहिनींनी अकरा बसचे बावीस हार करायचे म्हणून गुडघे धरलेत."

डबी माझ्या पँटच्या खिशात होती. मी ती मुठीत धरून उभा राहिलो. काय सांगणार होतो मी? की तुमचा हात चुकला नाही, तुमचा हार चुकला? की वहिनींनी पहाटे उठून ओवला तोच? तुम्ही ते हसून सोडून दिलं असतंत असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पण मग तुम्ही घरी जाऊन वहिनींसमोर जेवायला बसला असतात, आणि तुम्हाला त्यांच्यापासून काही लपवता येत नव्हतं. आणि हेही खरं, की मी भोकं मोकळी केली नाहीत त्याचं काय, हे तुम्ही विचारलं असतंत. मी तुम्हाला वाचवत होतो की मला, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. दोन्ही असेल.

मी चहा प्यायलो. कप खाली ठेवताना तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "जमिनीवर तर काही सापडलं नाही." या वेळी मात्र ते खोटं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या रविवारी तुमच्या ओट्यावर आपण बसलो होतो. वहिनी आतून जवळ्याची चटणी आणि भाकरी देऊन गेल्या. आता मीही ते खातो, नाकाला रुमाल न लावता, याचं तुम्हाला केवढं समाधान. नव्या पुलावरून जाणाऱ्या गाड्यांबद्दल बोललो, तुमच्या गुडघ्याबद्दल बोललो. मी वाट बघत होतो. तुम्ही विचारलं नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "कॅप्टन, आज तो प्रश्न नाही?"

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "राहू दे शिर्के. कंटाळा आला आता. तुम्हालाही आला असेल."

मी म्हणालो, "आलाय."

संपलं. सात वर्षांची ओळख, पाच वर्षांचा वाद, आणि शेवटचा शब्द कंटाळ्याचा. त्याच क्षणी सांगता आलं असतं. तुम्ही दार उघडून दिलं होतंत, मी बाहेरच उभा राहिलो. गुरुवारी दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. मी पोचलो तेव्हा तुमच्या छातीवर झेंडूचे हार होते, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. लोकांना वाटलं, शिर्क्यांना फार लागलंय. लागलंच होतं. तुमच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटणार नाही. ज्याच्या सहीने तुमचं आकाश गेलं, त्याला तुम्ही महिन्याच्या महिन्याला चहा पाजलात. दुसऱ्या कुणी मला आवारात पाऊल ठेवू दिलं नसतं.

मघाशी अकरा वाजता मी खाडीवर जाऊन आलो. जिथे परवा पिंड ठेवला तिथेच. ओहोटी लागली होती. डबी उघडली, गोळा पाण्यात सोडला. देवाला वाहिलेलं फूल ते, निर्माल्यच. कचऱ्यात टाकायचं नसतं, एवढं मला घाटावरच्याला कळतं. पुरावा गेला. आता कमिटी पुन्हा बसली तरी माझ्याकडे दाखवायला काही नाही, माझी सही सोडून.

घरी येऊन जुनी फाइल काढली. स्नॅगच्या वहीची तिसरी प्रत, पिवळ्या पातळ कागदाची, मी नेहमी स्वतःकडे ठेवायचो. तुमच्या चौथ्या तक्रारीचं पान सापडलं. डाव्या रकान्यात तुमचं अक्षर, कार्बनचं, गुडघ्यावर लिहिलेलं. उजवा रकाना कोरा. कमिटीने वही ताब्यात घेतली म्हणून मी तो कधी भरलाच नव्हता. आज भरला. या वहीत सगळं इंग्रजीत लिहायचं असतं, पण वहिनींना चौथीपर्यंतचं मराठी येतं, म्हणून मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात:

'तक्रार खरी आहे. दोष यंत्रात होता. शेपटीत पाणी साचून वर त्याचा बर्फ झाला. पाणी जायची भोकं साफ ठेवणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही. वैमानिकाचा हात चुकला नाही.'

खाली सही केली.

उद्या हे पान वहिनींच्या हातात देईन. भोकं कशानं तुंबली असं त्यांनी विचारलं, तर सांगेन, भाऊजींनी बघितलं नाही म्हणून. तेही खोटं नाही. मग त्या उठून तुमच्या फोटोला हार घालतील, अंगणातल्या झेंडूचा, पहाटे उठून स्वतः ओवलेला. फोटो उंचावर टांगलाय, त्यांचा हात पोचणार नाही. मी स्टूल धरून उभा राहीन, कॅप्टन, आणि या वेळी कुरकुरणार नाही.